फिरत्या घराचा साक्षीदार आणि त्याची शिदोरी



ह्या व्यासपीठावर आठवडाभर मोठमोठ्या विषयांची चर्चा चालली आहे. संतवाङ्मय झाले, अर्थकारण झाले. उद्या इतिहास होईल. त्यांच्या मध्येच आम्ही मुठीएवढ्या एका कॅमेऱ्याची गोष्ट घेऊन उभे आहोत. विषय लहान दिसतो खरा; परंतु साक्ष, सावधपणा आणि आपल्याजवळच्या साठ्याचा हिशेब ह्या तीन गोष्टी त्यात येतात, आणि त्या काही लहान नव्हेत.

१५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात सुमारे वीस मीटर व्यासाचा एक अशनी फुटला. त्याच्या हादऱ्याने शहरभर खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, त्यांतली बहुतेक काचांनीच. त्या अशनीचा मार्ग शास्त्रज्ञांनी पुढे शोधून काढला, तो मोठ्या अंशी मोटारींच्या समोरच्या काचेवर लावलेल्या लहान कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून. लोकांनी ते कॅमेरे लावले होते अपघातानंतरच्या तंट्यांसाठी. आकाशाकडे पाहण्याची तयारी त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती. त्या घटकेला ते जागे होते, एवढीच त्यांची पुण्याई.

ह्या यंत्राला आज सर्वजण डॅशकॅम म्हणतात. आपणही तेच म्हणू. साक्षीदार कितीही चांगला असला, तरी घडते त्या वेळी तो जागा पाहिजे, आणि जागे राहावयाचे तर त्याला अन्न पाहिजे. डॅशकॅमचे अन्न म्हणजे वीज. ती कोणाच्या ताटातून द्यावयाची, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

साध्या मोटारीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. चावी फिरवली की कॅमेरा चालू होतो, चावी काढली की बंद होतो. कॅम्पर व्हॅनचे तसे नाही. ती गाडीही आहे आणि घरही आहे. आत झोपावयास जागा, लहानसा ओटा, एखादा फ्रिज, छतावर सौर पत्रा, असा संसार घेऊन ती हिंडते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. ही गाडी दिवसा चार तास चालते आणि वीस तास उभी असते. किनाऱ्यावर, गडाच्या पायथ्याशी, अनोळखी गावाच्या वेशीवर. म्हणून तिच्या मालकास वाटते की, गाडी उभी असतानाही कॅमेऱ्याने पहारा करावा. आम्हांलाही तसेच वाटले होते. त्याचे काय झाले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब रुक्ष वाटणार नाही.

दापोलीच्या बाजूला एका किनाऱ्यावर आम्ही शुक्रवारी संध्याकाळी व्हॅन लावली. कॅमेरा नवा होता. तो फ्यूज बॉक्समधील कायम चालू राहणाऱ्या एका जागेला जोडून घेतला होता आणि ‘उभ्या गाडीचा पहारा’ सुरू ठेवला होता. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पहाटे आमच्याबरोबरच्या एका वृद्ध गृहस्थांच्या छातीत कळ येऊ लागली. त्यांना घाम फुटला. आम्ही धावत जाऊन चावी फिरवली, तर सेल्फने नुसते टक्‌टक् केले. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्‌टक्. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी मासळी न्यावयास आलेल्या एका टेम्पोवाल्याने स्वतःची बॅटरी जोडून दिली, तेव्हा अर्ध्या तासाने इंजिन सुरू झाले. डॉक्टरांनी तपासून पित्त असल्याचे सांगितले, म्हणून आज ही गोष्ट हसत सांगता येते. ते पित्त नसते, तर तो अर्धा तास आम्ही कोणाला परत मागितला असता?

घरी येऊन कॅमेऱ्याचे कार्ड पाहिले. एक माड आणि त्याखाली निजलेले एक कुत्रे, ह्यांचे अनेक तासांचे उत्तम चित्रण त्यात होते. त्यासाठी आम्ही इंजिनाच्या तोंडचा घास काढला होता. दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि जोडून देणाऱ्याचाही नव्हता. आम्ही सांगितले तसे त्याने केले होते. हिशेब आम्ही केला नव्हता.

तो हिशेब असा. पुढे पाहणारा एक आणि मागे पाहणारा एक, अशी जोडी साधारण ५ वॅट वीज खाते. दिवसाचे २४ तास धरले तर १२० वॅट-तास होतात. बॅटरी १२ व्होल्टची. १२० ला १२ ने भागले की १० अँपिअर-तास. म्हणजे दिवसाला दहा. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार पहाट हे सुमारे ५८ तास धरा. चोवीस अँपिअर-तास गेले. बॅटरीवर ८० चा आकडा छापलेला होता, मग ती बसली कशी? त्याचे कारण असे की छापलेला आकडा नव्या बॅटरीचा असतो. आमची चार वर्षांची होती. शिवाय त्याच बॅटरीवर दिवे, गाणी आणि मोबाइलचे चार्जिंग चालले होते. आणि सेल्फला काही क्षण का होईना, शेकडो अँपिअर लागतात. अर्धी रिकामी झालेली जुनी बॅटरी ते देऊ शकत नाही. ज्याला पाच वॅटची भूक आहे असा हा लहानसा पाहुणा. पण तो उठून जात नाही, हे आम्ही विसरलो होतो.

श्रोतेहो, बऱ्याच कॅम्पर व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात, आणि ज्यांच्या गाडीत दुसरी नसेल त्यांनी पहाऱ्याचा विचार करण्याआधी ती बसवावी. एक बॅटरी इंजिनाची. तिचे काम गाडी सुरू करून देणे. दुसरी घराची, तिच्यावर दिवे, पंखा, फ्रिज. गाडी चालताना अल्टर्नेटरकडून घराच्या बॅटरीत वीज भरली जाते; गाडी थांबली की दोघींचा संबंध तुटला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात खाण्याचे धान्य आणि बियाण्याचे धान्य वेगळे ठेवतात, आणि कितीही पाहुणे आले तरी बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाहीत. इंजिनाची बॅटरी ही बियाण्याची कणगी समजावी. उभ्या गाडीचा पहारा करणाऱ्या कॅमेऱ्याला जे द्यावयाचे ते घराच्या बॅटरीतून. ती संपली तर दिवा विझेल, फ्रिजमधले दूध नासेल. पण गाडी सुरू होईल.

आता जोडणी. बाजारात ‘हार्डवायर किट’ नावाची लहानशी डबी मिळते. ती १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करून कॅमेऱ्याला देते. तिला तीन वायरी असतात. एक कायम विजेची, एक चावीबरोबर चालू-बंद होणारी, आणि एक अर्थची. रंगांवर भरवसा ठेवू नये. प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून कागद वाचून जोडावे. कॅम्पर व्हॅनमध्ये पहिली वायर घराच्या बॅटरीकडे न्यावी. दुसरी मात्र गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समधून, चावीवर चालणाऱ्या जागेवरून घ्यावी. ही दुसरी वायर बहुधा निरोप्याचे काम करते. ‘गाडी निघाली’, ‘गाडी थांबली’ एवढेच ती कॅमेऱ्याला कळवते. आणि येथेच एक खोच आहे. दोन वायरी दोन वेगळ्या बॅटऱ्यांकडून आल्या, तर दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके गाडीच्या एकाच बॉडीला नीट जोडलेली असली पाहिजेत. अर्थ सामाईक नसेल तर निरोप पोहोचत नाही, आणि गाडी घाट चढत असतानाही कॅमेऱ्याला ती उभीच वाटते.

फ्यूजविषयी दोन शब्द. फ्यूज कॅमेरा वाचविण्यासाठी आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो वायर वाचविण्यासाठी आहे. म्हणून तो कॅमेऱ्यापाशी बसवून उपयोग नाही. वायर जेथून निघते तेथे, बॅटरीच्या जवळ बसवावा. असल्या कामाला दोन-तीन अँपिअरचा पुरतो. आपल्या फिरत्या घरात लाकडी फळ्या असतात, गाद्या असतात, गॅसची शेगडी असते. वायरीवरचे आवरण कोठे घासले आणि फ्यूज नसला, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. आणि खांबातून वायर नेताना तेथे एअरबॅग असल्यास तिच्यावरून वायर नेऊ नये. फुगा उघडताना तीच वायर आडवी येते.

व्हॅन लांब असते, म्हणून वायरही लांब लागते. पाच मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे झाले. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर असेल तर त्या दहा मीटरांचा रोध सुमारे ०.३६ ओहम भरतो. ५ व्होल्टवर एक अँपिअर नेला तर वाटेतच ०.३६ व्होल्ट खर्च होतात आणि कॅमेऱ्याच्या हाती ४.६४ उरतात, कॅमेरा मधूनच बंद पडतो आणि आपण कॅमेऱ्याला दोष देतो. तीच वीज १२ व्होल्टवर नेली तर प्रवाह अर्ध्याहून कमी होतो, आणि बारांतून दीड दशांश गेल्याचे कोणाला कळतही नाही. म्हणून नियम असा, की लांबचा पल्ला १२ व्होल्टवर गाठावा आणि ५ व्होल्ट करणारी डबी कॅमेऱ्याजवळ ठेवावी.

त्या डबीत आणखी एक सोय असते. बॅटरीचा दाब ठरावीक आकड्याखाली गेला की ती कॅमेऱ्याचे अन्न तोडते. शिशाच्या बॅटरीला हे चांगले लागू पडते. स्वस्थ असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी झाली की १२.२ च्या आसपास येते. तेव्हा तोडण्याचा आकडा १२.२ वर ठेवावा; ११.८ वर ठेवल्यास तोडून उपयोग नाही, कारण तोवर बॅटरी रिकामीच झालेली असते. परंतु आता पुष्कळ व्हॅनमध्ये घराची बॅटरी लिथियम लोह फॉस्फेटची असते. तिचा स्वभाव निराळा. साठा पाऊण संपेपर्यंत तिचा दाब १३ व्होल्टच्या आसपासच राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. घरात पै नाही तरी शेवटपर्यंत इस्त्रीचे कपडे घालून हिंडणारा गृहस्थ आपण पाहिलेला असेल. तशी ही बॅटरी. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. तिच्यासाठी आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मीटर बसवावा, आणि डबीतला जो सर्वांत वरचा आकडा असेल तो निवडावा.

कोणी म्हणेल, छतावर सौर पत्रा आहे, मग कसली चिंता? चैत्राच्या उन्हात १०० वॅटचा सपाट ठेवलेला पत्रा दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास देईल. त्यांतले १२० कॅमेऱ्याने खाल्ले. लहान फ्रिज उन्हाळ्यात ह्याच्या तिप्पट-चौपट घेतो. म्हणजे खाणारे दोनच झाले आणि खर्च जमेच्या वर गेला. गाडी झाडाच्या सावलीत लावली की जमा घटली. आषाढ-श्रावणात कोकणात गेलो की विचारूच नये. पत्रा हा आधार आहे. त्याच्या जिवावर उधळपट्टी करू नये.

आता निवड. दुकानात गेलो की प्रथम चित्राची बारकाई सांगतात. चार-के, अमुक मेगापिक्सेल. आमच्या मते पहिला प्रश्न उन्हाचा विचारावा. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. बंद गाडीत, काचेला चिकटलेल्या जागी, ते ६० च्याही वर जातात. ज्या कॅमेऱ्याच्या पोटात लहान लिथियम बॅटरी असते ती अशा उष्णतेत फुगते. जो ‘सुपरकपॅसिटर’ वापरतो तो तग धरतो. त्यात वीज फार साठत नाही. अन्न तुटल्यावर चालू असलेली फाइल नीट बंद करण्यापुरते काही क्षण मिळतात, आणि तेवढेच हवे असते. आपल्या देशात हाच घ्यावा.

दुसरा प्रश्न रात्रीचा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर. अंधारात कॅमेरा आपले झाकण एकतीसांश सेकंद उघडे ठेवतो असे धरा. तेवढ्यात आपल्यासमोरून आडवी जाणारी गाडी ५५ सेंटिमीटर सरकते. मग नंबर कसा वाचता येणार? कितीही मेगापिक्सेल असोत, ते आकडे फासल्यासारखे दिसतील. म्हणून मेगापिक्सेलच्या आकड्यावर न जाता रात्री प्रत्यक्ष काढलेले चित्र पाहून कॅमेरा घ्यावा. आणि एक बिनपैशाची युक्ती सांगतो. धडक देऊन कोणी पळाला, तर त्याचा नंबर आपणच मोठ्याने वाचावा. चित्र चुकले तरी आवाज कार्डात राहतो.

कार्डाचा हिशेबही करावा. साध्या बारकाईचे चित्रण तासाला पावणेसात गिगाबाइटच्या आसपास जागा घेते. ६४ चे कार्ड नऊ-साडेनऊ तासांत भरते; कॅमेरे दोन असतील तर त्याच्या निम्म्यात. मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. दुपारचा अपघात रात्रभरच्या पहाऱ्यात पुसला गेला, तर तो साक्षीदार असून नसून सारखाच. म्हणून काही घडले की त्याच घटकेला कार्ड काढून ठेवावे. आणि सतत लिहिणे सोसणारे, ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून विकतात तेच कार्ड घ्यावे.

ह्यापुढच्या अडचणी फक्त कॅम्पर व्हॅनच्या आहेत. रात्री झोपताना आपण समोरच्या काचेला आतून चकाकता पडदा लावतो. मग कॅमेऱ्याला पडद्याची पाठ दिसते. आणि दिवसा पडदा तसाच राहिला तर काच आणि पडदा ह्यांच्यामध्ये कॅमेरा भाजून निघतो. पडद्याला कॅमेऱ्यापुरती खाच ठेवावी. मागची काच बहुधा कपाटाने झाकलेली असते, म्हणून मागचा कॅमेरा बाहेर, पाण्याला दाद न देणारा लागतो. आणखी गंमत अशी, की धक्का बसला की चित्र जपून ठेवण्याची कॅमेऱ्याला सवय असते. आत कोणी कूस बदलली, मूल खाली उतरले, की गाडी हलते, आणि कॅमेरा त्याला धडक समजून ते चित्र कुलूपबंद करतो. सकाळपर्यंत कार्ड आपल्याच झोपेच्या नोंदींनी भरते. आवाजही टिपला जातो. घरातले बोलणे घरात राहावे असे वाटत असेल तर मुक्कामाला मायक्रोफोन बंद करावा.

तेव्हा पहारा नेमका कधी हवा? आम्ही आत झोपलो असताना पहारेकरी आम्हीच असतो. गाडी एकटी सोडून आम्ही गड चढावयास गेलो, तेव्हा तो हवा. वीसांतले असे तास चार-पाचच निघतात. तेवढ्यासाठी २५ वॅट-तास पुरतात. एकशेवीसांवरून पंचवीसांवर आलो, तेही नवा पैसा न खर्चता. काही कॅमेऱ्यांत सावध झोपेची सोय असते; धक्का बसताच तो जागा होतो. वीज फारच कमी लागते, पण धक्क्याच्या आधीचे क्षण त्याला दिसलेले नसतात. काही सेकंदांना एकच चित्र घेण्याची रीत असते. तिने कार्ड वाचते, वीज मात्र फारशी वाचत नाही. ह्यांतले काय घ्यावयाचे ते आपापल्या साठ्यावर अवलंबून आहे.

शेवटी साक्षीविषयी. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा चित्रणाची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. ह्या प्रमाणपत्राचा वाद जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि तो आपल्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उभा राहिला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ह्या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की प्रत द्यावयाची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ह्यातून सामान्य माणसाने एवढे घ्यावे, की मूळ कार्ड हाच ऐवज आहे. मोबाइलवरून दहा जणांना पाठविलेली चित्रफीत म्हणजे साक्ष नव्हे. कार्ड काढावे, पाकिटात घालून तारीख घालावी, आणि वकिलाच्या सल्ल्याने पुढे चालावे. कोणाचा अपघात, कोणाची फजिती गंमत म्हणून जगाला दाखविणे तर मुळीच शोभत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाने आपल्याला तशी परवानगी दिलेली नसते.

आणि हा साक्षीदार आपला नोकर नाही, हेही ध्यानात असू द्यावे. चूक समोरच्याची असेल तर तो सांगेल. चूक आपली असेल तर तेही सांगेल. आम्ही एकदा वळणावर दुसऱ्या गाडीला घासलो आणि उतरून तावातावाने भांडलो. रात्री चित्र पाहिले, तर पट्टा ओलांडला होता तो आम्हीच. कार्ड आमच्या हातात होते आणि ते पुसावयास दोन बोटे पुरली असती. आम्ही त्या गृहस्थांना फोन केला आणि पत्र्याचे पैसे देऊ केले. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, “अहो, मला वाटत होतं की माझंच चुकलं.” विनाकारण एका माणसाच्या मनात राहिलेली खंत त्या कॅमेऱ्याने काढून टाकली. आमच्या लेखी त्याची सारी किंमत त्या एका फोनमध्ये वसूल झाली.

तेव्हा साक्षीदार जरूर ठेवा. उन्हात टिकणारा निवडा, त्याला घराच्या कणगीतून मोजून शिदोरी द्या, बियाण्याला हात लावू नका. आणि तो बोलेल तेव्हा, आपल्याविरुद्ध बोलला तरी, त्याचे ऐका.